भुंगे जगले, दगडोबा गेला

१

तारामती बोडकेला अटक झाली ती रुद्राणी कोरेच्या सहीमुळं. सही करणारी नांदेडच्या प्रयोगशाळेत, आणि बाई उचलली तिकडं रेणापूरच्या बाजूला तळेगव्हाणात; तरी खरं ते खरं. अहवाल तीन ओळींचा. दगडोबा बोडके, वय एकेचाळीस. व्हिसेऱ्यात मॅलेथिऑन हे कीटकनाशक आढळले. इतर विष आढळले नाही. खाली सही, शिक्का, तारीख.

तळेगव्हाण चौकीच्या फौजदार आदिनाथ केंद्रेला तेवढं पुरलं. दगडोबा गावच्या बसवंत शेटे यांच्या धान्याच्या गोदामात फवारणीला जायचा. जोडीला धम्मानंद. दोघांच्या पाठीवर सारखेच गळके पंप, औषध एक, गोदाम एक, अर्धं ह्याचं अर्धं त्याचं. चौथ्या दिवशी दुपारी दगडोबानं बायकोनं दिलेला डबा खाल्ला, तासाभरात तोंडाला फेस आला, आणि लातूरला नेईस्तोवर खेळ खलास. धम्मानंद मात्र ठणठणीत. म्हणजे औषधात खोट नाही, खोट डब्यात. त्यात आदल्याच संध्याकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं, आणि "मरा एकदाचे" हे तारामतीचं वाक्य चार घरांनी ऐकलेलं. गोठ्यात गोचिडांसाठी आणलेली मॅलेथिऑनची बाटलीसुद्धा सापडली. आता केंद्रेला देवानं येऊन सांगायचं बाकी होतं.

रुद्राणीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. अडीच महिन्यांनी दुपारच्या डब्याला बसली असताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पेपर वाचून दाखवला, "जेवणात विष कालवून पतीचा खून." नाव ओळखीचं वाटलं म्हणून तिनं फाईल काढली. मागच्या पानावरचे आकडे बघितले आणि अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

दगडोबाच्या रक्तात मॅलेथिऑन होतं, पण इतकं थोडं, की तेवढ्यानं माणूस दोन दिवस डोकं धरून बसेल, मळमळेल, आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाईल. अहवालाच्या छापील फॉर्मात "किती" हा रकानाच नव्हता. आढळले किंवा आढळले नाही, एवढंच. वीस वर्षं ती त्या फॉर्मवर सह्या करत आली होती आणि वीस वर्षांत तिला तो रकाना हवासा वाटला नव्हता.

मरायला पुरत नाही एवढ्या विषानं माणूस मेला होता.

२

केंद्रेनं फोन तिसऱ्या दिवशी उचलला.

"मॅडम, आढळलं का न्हाई आढळलं?"

"आढळलं. पण माणूस मरण्याच्या मानानं फार थोडं. आणि पोटात तर नावालाच."

"लातूरला पोट धुतलं होतं त्याचं. धुतल्यावर काय राहणार पोटात?"

"मग रक्तात तरी जास्त पाहिजे ना, फौजदारसाहेब."

"मी कॉमर्सचा माणूस, मॅडम. तुमच्या सहीचा कागद माझ्याकडं हाय आणि त्यात आढळलं म्हणून लिहिलंय. अटकेला नव्वद दिवस भरत आले. बारा दिवसांनी चार्जशीट कोर्टात टाकायची. तुमाला दुसरं काई म्हणायचं असलं तर लेखी पाठवा."

रुद्राणी प्रयोगशाळेच्या साहेबांकडं गेली. साहेबांनी चष्मा पुसला. "मागितलं तेवढं आपण तपासलं. आणखी तपासायचं तर पोलिसांचं लेखी पत्र पाहिजे." म्हणजे फौजदार म्हणतो तुम्ही लेखी द्या, साहेब म्हणतात फौजदारानं लेखी मागावं. दोघंही नियमानं बरोबर. आणि ह्या दोन बरोबर माणसांच्या मधे एक बाई लातूरच्या तुरुंगात बसलेली, तीही हिच्या सहीनं. रुद्राणीच्या डोक्यात तिडीक गेली. उदगीरच्या कोऱ्यांच्या घरातली ती, शिवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी न पिणारी. पण त्या दिवशी तिनं जिना उतरताना साहेबांना उद्देशून जे शब्द वापरले त्यात शिव कुठंच नव्हता.

दगडोबाच्या नमुन्यांच्या बाटल्या अजून फ्रीजमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं कुणाला न विचारता त्यातल्या लघवीचा एक थेंब मशीनवर लावला.

आता इथं जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या यकृतात कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं. त्याचं काम कापायचं. मॅलेथिऑन अंगात शिरलं की हे त्याला कापतं, आणि त्याचं निरुपद्रवी आम्ल होऊन ते लघवीवाटे निघून जातं. किड्यांपाशी ही सोय नसल्यातच जमा, म्हणून किडे मरतात आणि फवारणारा गडी संध्याकाळी घरी जाऊन चहा पितो. त्या औषधाचा सगळा भरवसा ह्या एका फरकावर. तर दगडोबाच्या लघवीत ते आम्ल भरपूर सापडायला हवं होतं.

ते जवळजवळ नव्हतंच. दगडोबाच्या यकृतानं त्या विषाला हातसुद्धा लावला नव्हता.

३

किरकोळ रजा टाकून रुद्राणी लातूरच्या एसटीत बसली. अहमदपूरच्या पुढं गाडी बंद पडली, दुसरी यायला दीड तास. तेवढा वेळ ती रस्त्याच्या कडेला उभी राहून एकच विचार करत होती. काही माणसांत हे एन्झाइम जन्मापासूनच अधू असतं. दगडोबा तसाच असेल तर हा नशिबाचा खेळ, खून नव्हे. पण मेलेल्या माणसाचा जन्म आता कसा तपासायचा?

तुरुंगातल्या भेटीच्या जाळीमागं तारामती आली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, डोळे कोरडे.

"तुमीच का त्या रिपोर्टवाल्या बाई?"

"हो."

"मंग आता काय बघाया आलात?"

रुद्राणीनं सरळ प्रश्न विचारले. दगडोबा किती वर्षं फवारणी करत होता?

"ह्याच साली लागले. आधी पोती उचलायचे. दोन सालाखाली बीपी निघालं, डॉक्टर म्हणले वझं उचलू नका. हळूहळू ते काम सोडलं. म्हणून मंग फवारणी. हलकं काम हाय म्हणले."

"आणि भांडण कशावरून झालं?"

"फौजदारानं चार डाव इचारलं. म्या सांगितलं न्हाई. घरातलं हाय ते."

"तारामतीबाई, मी फौजदार नाही. माझ्याच कागदानं तुम्ही इथं आलात. तो कागद मला खोडायचाय, आणि मला कुणी मदत करून नाही राहिलं. तुम्ही तरी करा."

"गोळ्यावरून झालं," ती म्हणाली. "दोन सालं रोज सकाळी म्या ह्यांच्या हातावर गोळी ठिवते. बीपी लई झकास होतं. त्या बुधवारी नर्सबाईनं पट्टा लावला तर एकशे शाऐंशी. बाई म्हणल्या, ह्यो गोळ्या थुकून देतो. म्या घरी येऊन इचारलं. म्हणले, खातो. म्या म्हणलं खोटं बोलून राहिले तुमी, शिल्पाची शपथ घ्या. आमची एकच लेक हाय, शिल्पा. घेतली शपथ. तरी मला खरं वाटंना. मंग त्ये निघालं तोंडातून." तिनं जाळीत बोटं अडकवली. "दुसऱ्या दिवशी तर गेलेच. बाई, तुमच्या मशिनीत तेवढं दिसतं का? खात होते का न्हाई?"

"कोणती गोळी होती?"

"एनालाप्रिल."

रुद्राणी उठून उभी राहिली. शिपाई म्हणाला अजून पाच मिनिटं आहेत, पण ती दाराकडं निघाली होती.

४

तळेगव्हाणच्या उपकेंद्रातली नर्स आरती रजिस्टर उघडून बसली. दोन वर्षांच्या नोंदी एका ओळीत: एकशे तीस, एकशे अठ्ठावीस, एकशे बत्तीस. फवारणी सोमवारी सुरू झाली. त्याच्या आधीच्या गुरुवारी एकशे अठ्ठावीस. नंतरच्या बुधवारी एकशे शाऐंशी.

"मीच झापलं त्याला," आरती म्हणाली. "सगळ्या लोकांसमोर. हे पुरुष लोक गोळ्या खात नाहीत मॅडम, आमचा रोजचा अनुभव आहे."

"त्यानं खाल्ली असेल आणि तरी उपयोग झाला नसेल, असं झालं तर?"

"खाल्ल्यावर उपयोग कसा होणार नाही?"

"एनालाप्रिल पोटात जाते तेव्हा ती औषध नसतेच. यकृतातलं कार्बोक्सिलएस्टरेज तिचा एक तुकडा कापून टाकतं, तेव्हा कुठं ती कामाला लागते. काही गोळ्यांचं उलटं असतं. रक्त पातळ करायची जी गोळी तुम्ही हृदयाच्या पेशंटला देता, तिचा बराचसा भाग हेच एन्झाइम कापून वाया घालवतं. औषध असो का विष, ते कापायचंच काम करतं. कापल्यावर कुणाचं भलं होतं, कुणाचं वाटोळं."

आरतीनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे ते बंद पडलं, तर गोळी चालणार नाही..."

"आणि मॅलेथिऑनही कापलं जाणार नाही."

परतीच्या गाडीत बसून रुद्राणीनं हिशेब जुळवला. दोन वर्षं गोळी चालली, म्हणजे दोन वर्षं दगडोबाचं यकृत धडधाकट होतं. जन्माची खोट वगैरे काही नाही. गुरुवारपर्यंत ते काम करत होतं आणि बुधवारी करत नव्हतं. मधल्या दिवसांत कुणीतरी किंवा कशानंतरी ते बंद पाडलं. तारामतीच्या डब्यानं हे कसं होणार? डबा तर गुरुवारचा. बुधवारीच यकृतानं मान टाकली होती.

नांदेडला पोचल्यावर तिनं दगडोबाच्या रक्तात गोळी शोधली. न कापलेली गोळी भरपूर सापडली. कापलेली नावालाच. दगडोबानं लेकीची खोटी शपथ घेतली नव्हती.

पण हे केंद्रेला सांगून काय होणार होतं? तो लगेच विचारणार, धम्मानंद कसा जगला? आणि ह्याचं उत्तर रुद्राणीकडं नव्हतं. सात दिवस उरले होते आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

५

बसवंत शेटे यांनी तिला गादीवर बसवलं, चहा सांगितला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं लोण्यासारखं. "ताई, दगडोबा आमच्या घरचा माणूस होता. औषध नवं, एका कंपनीचं, एका दिवशी आणलेलं. धम्मानंदनं तेच मारलं. त्याला शिंक नाही आली."

"रिकामे डबे?"

"भंगारात गेले. ते श्रीमंत बघतो."

श्रीमंत म्हणजे गोदामाच्या किल्ल्या सांभाळणारा, पन्नाशीचा, खाली मान घालून बोलणारा माणूस. "एकाच डब्यातलं दिलं जी दोघांला," तो म्हणाला. "औषध हापिसातल्या कपाटात ऱ्हातं." ह्यापलीकडं तो एक अक्षर बोलेना. रुद्राणीनं आडून विचारलं, उभं विचारलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

धम्मानंद मागच्या दारात तुरीच्या थप्पीला टेकून बसला होता. तो मात्र बोलायला आतुरच होता, कारण अडीच महिन्यांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. केंद्रेनं फक्त त्याची तब्येत विचारली होती.

"दगडू माझा दोस्त होता, मॅडम. तारावैनीनं काई केलं न्हाई. पण माझं कोण ऐकतंय."

"फवारणीचं सांगा. काही वेगळं झालं होतं?"

"वेगळं म्हणजे भुंगे. माझ्या बाजूचे दोन दिवसांत पटापटा मेले, झाडून सूपभर काढले. दगडूच्या बाजूचे मरंनात. जित्ते फिरत होते थप्पीवर. म्हणून श्रीमंतमामा म्हणले, अजून एक डाव मार, जरा घट मार. माझं बुधवारी संपलं. त्यो गुरुवारीबी मारत होता."

"पण औषध तर एकाच डब्यातलं."

"कुणी सांगितलं? डबे मामाच काढून द्यायचे. त्याचा त्याला, माझा मला."

रुद्राणी मुकाट्यानं गोदामात परत आली. ज्या औषधानं माणूस मेला त्यानं भुंगे मेले नाहीत. आणि हे साऱ्या गोदामानं डोळ्यानं पाहिलं होतं, फक्त कुणाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तिनं वर बघितलं. पत्र्याच्या छताला लागून फळ्यांचा एक माळा होता, शिडी भिंतीला टेकलेली. श्रीमंत म्हणाला, "वरी काई न्हाई बाई, उंदरं हायेत." ती चढली.

वर पाठ सरळ करता येत नव्हती. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. शेजारच्या डाळमिलच्या सुकवणीच्या भट्टीचं धुराडं ह्याच भिंतीला घासून गेलेलं, तीही तापलेली. फळ्यांवर बोटभर धूळ, आणि धुळीत दोन गोल स्वच्छ खुणा. डब्याच्या बुडाएवढ्या. त्यांच्या पलीकडं, भिंतीशी, तिसरा डबा अजून जागेवर होता. त्याच्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. तिनं त्याचा फोटो काढला, बाटलीत थोडा नमुना घेतला आणि खाली उतरून धम्मानंदच्या पंपाची नळीही कापसानं पुसून घेतली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दगडोबाचा अंगातला शर्ट, पंपाच्या गळतीनं पाठीवर भिजलेला, तिच्याच प्रयोगशाळेत सीलबंद पिशवीत अडीच महिने पडून होता. कुणी मागितला नव्हता म्हणून कुणी तपासला नव्हता.

६

चार्जशीट टाकायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, रुद्राणी केंद्रेच्या टेबलासमोर बसली. टाईप केलेला चार्जशीटचा गठ्ठा दोघांच्या मधे होता.

"पाच मिनिटं ऐका," ती म्हणाली. "नंतर मला हाकलून द्या."

"तुमी जाता थोड्याच," केंद्रे म्हणाला.

"मॅलेथिऑनचा डबा दोन-दोन उन्हाळे पत्र्याखाली, भट्टीच्या धुराड्याशेजारी शिजत ठेवला की त्यातल्या औषधाचा काही भाग बदलतो. आयसोमॅलेथिऑन होतो. किडे मारायचा जोर उतरतो, म्हणून दगडोबाच्या बाजूचे भुंगे जगले. पण हे बदललेलं रसायन माणसाच्या यकृतात जाऊन त्या कापणाऱ्या एन्झाइमलाच चिकटतं आणि ते बंद पाडतं. सोमवार, मंगळवार, बुधवार ते दगडोबाच्या पाठीवरून झिरपत राहिलं. बुधवारी बीपीची गोळी चालेनाशी झाली, ही त्याची पहिली खूण. गुरुवारी, धम्मानंदला जेवढ्यानं काही झालं नाही तेवढंच मॅलेथिऑन, कापायला कुणी नाही म्हणून दगडोबाला घेऊन गेलं. डबा त्याच वेळी खाल्ला, एवढाच डब्याचा गुन्हा. शर्टावर आयसोमॅलेथिऑन आहे. माळ्यावरच्या तिसऱ्या डब्यात आहे. धम्मानंदच्या पंपाच्या नळीत नाही. साहेबांची सही घेऊन आलेय, लेखी."

ती सही कशी मिळवली ते विचारू नका. साहेबांच्या खोलीचं दार त्या दिवशी दोनदा आपटलं होतं.

केंद्रेनं कागद दोनदा वाचला. मग त्यानं टाईप केलेला गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला, हवालदाराला पाठवून श्रीमंतला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर फक्त तिसऱ्या डब्याचा फोटो ठेवला. श्रीमंतनं फोटो जवळ ओढला.

"जुने डबे होते जी ते," तो म्हणाला. "जुनं औषध मेलेलं आसतं, आसं आमी समदेच समजतो. त्यानं भुंगा मरत न्हाई, माणसाला काय व्हणार? दगडू गेला तवा मला वाटलंबी न्हाई त्या डब्यानं आसंल. पण मुदत सरलेलं औषध वापरलं म्हणून नोकरी जाईल, म्हणून खोटं बोललो."

"नवे डबे कपाटात असताना जुना दगडोबालाच का दिलास?" केंद्रेनं विचारलं.



"शेटजींनी सांगितलं?" रुद्राणी म्हणाली.

"न्हाई. मालकाला म्हाईतबी न्हाई."

"मग कुणी?"

"नाव सांगणार न्हाई. मलाच टाका आत."

"टाकतो ना," केंद्रे म्हणाला. "दोन गडी, एकालाच वेगळा डबा, मग डबे भंगारात, मग खोटा जबाब. ह्याला चूक म्हणत न्हाईत, श्रीमंत. ह्याला खून म्हणतात."

रुद्राणीला राग आवरेना. अडीच महिने निरपराध बाई आत, आणि आता हा माणूस शेटजींना पाठीशी घालण्यासाठी स्वतः आत जायला निघालेला. तिची खात्रीच होती, ह्यामागं बसवंत शेटेच असणार. त्या गोड बोलण्यावर तिचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तिनं तासभर श्रीमंतशी डोकं फोडलं. तो रडला, पण बोलला नाही.

७

सोमवारी ती लातूरला गेली. तारामतीला आपण स्वतः सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. ज्या सहीनं आत घातलं तिनंच बाहेर काढल्याचं सांगावं, तेवढाच जीव हलका.

"तारामतीबाई, ते गोळ्या खात होते. रोज खात होते. मी रक्तात बघितलं."

तारामतीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले.

"मंग बीपी का वाढलं? मेले कशानं?"

रुद्राणीनं सगळं समजावून सांगितलं. माळा, पत्रा, उन्हात शिजलेले डबे, भुंगे. शेवटी म्हणाली, "जुन्या औषधानं घात केला. श्रीमंतनं नव्या डब्याऐवजी जुना दिला. त्याला कुणीतरी तसं सांगितलं होतं, आणि तो नाव सांगत नाही. मला वाटतं शेटजी. पण ते पोलिस बघतील. तुम्ही दोन दिवसांत सुटाल."

तारामतीच्या डोळ्यातलं पाणी थांबलं होतं. ती रुद्राणीकडं बघत होती, पण बघत नव्हती.

"शेटजी न्हाई," ती म्हणाली. "म्या सांगितलं."

"काय सांगितलं?"

"फवारणी चालू व्हायच्या आधी म्या गेले व्हते श्रीमंतभाऊकडं. म्हणलं, ह्यांला बीपी हाय, कडक औषध झेपायचं न्हाई. जुनं, नरम पडलेलं आसंल तर ते द्या ह्यांला. त्यो म्हणला, देतो वैनी, वरी दोन-तीन डबे हायेत. शेटजीला सांगू नका."

रुद्राणीला वाटलं, आपण नांदेडलाच बसलो असतो तर बरं झालं असतं. शेवटी जे खरं होतं ते तिनं सांगितलं.

"हे मला शर्ट तपासेपर्यंत सुचलं नव्हतं. कधीतरी पुस्तकात वाचलं होतं, विसरून गेले होते. तुमच्या जागी मी असते तर मीही जुनंच मागितलं असतं."

"तुमी न्हाई मागितलं, बाई. म्या मागितलं."

मग तारामती म्हणाली, "हे लिवून घ्या."

"गरज नाही. माहीत नसताना केलेल्याला गुन्हा म्हणत नाहीत. आणि तुम्ही हे बोललात तर फौजदार परत तुमच्यावर येईल. जामीन लांबेल. पंधरा दिवस, महिना, सांगता येत नाही. शिल्पा एकटी आहे बाहेर."

"श्रीमंतभाऊच्या घरी तीन लेकरं हायेत. त्यो माझ्यापायी गप बसला. मला कळू नये म्हणून बसला. आता कळलं की मला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बोलवा फौजदाराला."

रुद्राणीनं तिला समजावलं, चिडली, शेवटी हात जोडले. तारामती ऐकेना. तेव्हा रुद्राणीनं बाहेर येऊन फोन लावला. केंद्रे म्हणाला, "मॅडम, तुमी मला एक केस धड बंद करू देणार न्हाई." पण रीतसर परवानगी काढून संध्याकाळच्या आत तो कागद घेऊन आला, आणि जाळीपाशी स्टुलावर बसून त्यानं जबाब स्वतःच्या हातानं लिहिला. फवारणीच्या आधी मी श्रीमंत यांना भेटून पतीसाठी जुने औषध मागितले, अशी सुरुवात होती. त्यानं तो हळूहळू वाचून दाखवला.

तारामतीनं पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"साहेब, आधी गोळ्याचं लिवा. त्ये रोज गोळी खात व्हते, खोटं बोलत नव्हते, ते वरी लिवा. माझं त्याच्या खाली."

केंद्रेनं तो कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहायला घेतलं.